तारा लावल्यावरचा पहिला आठवडा: काय दुखतं, काय टोचतं आणि काय खायचं

दातांना तारा लावल्यावर त्रास दोन तऱ्हेचा होतो आणि माणसं दोन्हींना मिळून "दुखतंय" म्हणतात. एक दुखणं दातांच्या मुळाशी असतं: दात आंबल्यासारखे होतात, पोळीचा घास चावला तरी डोक्यापर्यंत कळ जाते. दुसरा त्रास गालाचा, ओठांचा आणि जिभेचा. तिथं तार किंवा ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) घासतं आणि तोंड येतं. पहिल्याला गोळी, गार पाणी आणि मऊ जेवण लागतं. दुसऱ्याला मेण आणि मिठाचं पाणी. हे उलटसुलट झालं की माणूस गोळ्यावर गोळ्या खात राहतो आणि गाल सोलायचा तो सोलतोच.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत मुलांची खानावळ चालवते. माझ्या थोरल्या मुलीला तारा लागल्या, नंतर चाळिशीत मलाही लागल्या, आणि डब्याला येणाऱ्या पोरांपैकी कुणी ना कुणी दरवर्षी तोंड धरून येतंच: "काकू, चावाय येईना झालंय." त्या पोरांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे. औषधाच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा. स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र माझं ऐका.

आधी तारीख आणि वेळ

तारा लावायला सकाळची वेळ मागून घ्या. लावताना दुखत नाही. तोंड उघडं ठेवून जबडा अवघडतो इतकंच. दातांचं दुखणं साधारण चार ते सहा तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, तिसऱ्या दिवसापासून उतरायला लागतं आणि आठवड्याभरात बहुतेक जातं. सकाळी गेलात तर मागच्या दाढेपाशी तारेचं टोक टोचतंय हे संध्याकाळपर्यंत कळतं आणि दवाखाना बंद व्हायच्या आत ते कापून घेता येतं. संध्याकाळी उशिरा लावून आलात की ते टोक रात्रभर गालात.

खुर्चीवरून उठायच्या आधी जीभ शेवटच्या दाढांच्या मागं फिरवा, चारही कोपऱ्यांत. मग मोठ्यानं हसा, आ करा, गाल आत ओढा. कुठं बोचलं तर तिथंच सांगा. आपल्याकडं डॉक्टरांना दुसऱ्यांदा सांगायची भीड वाटते. वाटू देऊ नका. टोक कापायला मिनिटभर लागतं.

घरी आल्यावर दुखणं सुरू व्हायच्या आधीचे जे दोन-तीन तास मिळतात, त्यात पोटभर जेवून घ्या. (घास बारीक करून, कडक काही नको, एवढं मात्र पहिल्या जेवणापासून पाळा.) पुढचे दोन दिवस जेवण रडतखडतच होतं.

काहींना तारांच्या आधी आठवडाभर दाढांच्या फटीत छोट्या रबरी रिंगा घालतात. दाढेभोवती पट्टी बसवायला जागा व्हावी म्हणून. डॉक्टर त्यांना सेपरेटर म्हणतात. मटणाचा धागा अडकून बसलाय आणि निघत नाही, असं सारखं वाटत राहतं. काडी घालून कोरू नका, रिंग निघून येईल. निघालीच तर फोन करून विचारा. कित्येकांना तारांपेक्षा या रिंगांचाच त्रास जास्त वाटतो, त्यामुळं रिंगांच्या वेळी रडलेलं पोर तारांच्या वेळी आणखी रडेल असं धरून चालू नका.

दात का आंबतात

दात जबड्याच्या हाडात पक्का चिकटवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण ०.२ मिलिमीटरचा. तारेनं दात ढकलला की एका बाजूला तो थर दाबला जातो. तिथला रक्तपुरवठा कमी होतो, सूज येते आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. नसा हुळहुळ्या होतात त्या यांच्यामुळं. याच गडबडीत दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन भरत जातं. दात सरकतो तो असा, महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. दात किंचित हलल्यासारखे वाटणं हेही यातच आलं. सुरुवातीच्या दिवसांत पोरं घाबरून दात हलवून बघत बसतात. हात लावू नका.

सुरुवातीची तार बहुधा निकेल-टायटॅनियमची असते. तिच्यातल्या काही जाती तापमानावर चालतात: तोंडाच्या उबेत ताठ होतात, गारव्यात मऊ पडतात. म्हणून गार पाण्याची चूळ तोंडात धरली की जरा सुटल्यासारखं वाटतं. गारव्यानं नसा बधिर होतात तो फायदा वेगळा. फ्रीजमधलं ताक, दही, थंड दूध चालेल. बर्फ चावायचा नाही. ब्रॅकेट उखडायला एक खडा पुरतो. बाहेरून शेकायचं तर बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर दहा-पंधरा मिनिटं.

गोळीचं सांगायचं तर डॉक्टर बहुतेक वेळा पॅरासिटामॉल देतात. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची, पुन्हा लागलीच तर निदान चार ते सहा तासांनी. मुलांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून डॉक्टरांना वजन सांगून विचारा. अर्धी की पाऊण हा अंदाज घरात करू नका. घरात कुणाला सर्दी झाली असेल तर तिच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉलच असतं. दोन्ही मिळून दिवसाचं जास्त होतं, हे लक्षात राहत नाही. आयब्युप्रोफेन दुखण्यावर चांगली चालते, पण ती त्या प्रोस्टाग्लँडिनलाच अडवते आणि दात सरकायला तेच लागतं, म्हणून काही डॉक्टर ती टाळतात. एखाद-दुसऱ्या गोळीनं काही अडत नाही असं म्हणणारेही डॉक्टर आहेत. रिकाम्या पोटी ती कुणीच घेऊ नये. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. पहिली गोळी कळ डोक्यात जाईपर्यंत थांबून घेण्यापेक्षा लवकर घेतलेली बरी. कधी घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारून निघा.

आजी लवंग धरायला सांगेल. किडलेल्या दाताच्या ठणक्यावर लवंगेचं तेल बधिरपणा आणतं हे खरं. इथं दात किडलेला नाही, दुखणं मुळाशी आहे, आणि तेल हिरडीला किंवा सोललेल्या गालाला लागलं की भाजल्यासारखं होतं. आजीला नाही म्हणायचं कसं हे ज्याचं त्यानं बघावं.

आणखी एक. दुखतंय म्हणून चावणं पूर्ण बंद करू नका. तिसऱ्या दिवसापासून मऊ का होईना, चावायला लागेल असं खा. हलक्या चावण्यानं दाबलेल्या भागात रक्त खेळतं आणि बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं. काही डॉक्टर बिनसाखरेचं च्युइंगगम चघळायला सांगतात ते यासाठीच, आणि काही त्याला साफ नाही म्हणतात. आपले डॉक्टर कुठल्या बाजूचे ते विचारून घ्या.

ताटात काय

पहिल्या दोन दिवसांसाठी माझ्याकडं ठरलेलं आहे: मऊ भात, मेतकूट, साजूक तूप. मुगाच्या डाळीची पातळ खिचडी. तांदळाची उकड, ताक घालून, वरून कच्चं तेल. सकाळी नाचणीची आंबील. दहीभाताला फोडणी देताना मोहरी कमी. ती तारेत जाऊन बसते. दुधीची किंवा तांबड्या भोपळ्याची भाजी घोटून. शिकरण. पोरांना हे बाळाचं जेवण वाटतं, म्हणून तिसऱ्या दिवशी मी पांढरा रस्सा करते. कोल्हापूरकराला तांबडा दिसला की हात तिकडंच जातो, पण तोंड आलेल्या माणसाला तो आगीसारखा लागतो. पांढऱ्यात खोबऱ्याचं दूध, काजू-खसखस आणि मटण शिजवलेलं अळणी पाणी. पोटाला आधार होतो आणि गालाला झोंबत नाही. हिरवी मिरची मात्र त्यांच्या वाटणीला नावापुरती. भातावर ओतून द्या. मटण हवंच असेल तर हाडावेगळं करून बोटानं तुटेल इतकं शिजवा, नाहीतर खिमा. नळी फोडायचा आणि चोखायचा मोह काही महिने बाजूला ठेवावा लागेल.

भाकरी सोडायची गरज नाही. गरम दुधात किंवा आमटीत कुस्करून काला करा आणि पाच मिनिटं मुरू द्या. पोळी वरणात चुरायची. अंड्याची भुर्जी चालते, कांदा पूर्ण शिजलेला. साबुदाण्याची खिचडी दिसायला मऊ, पण चिकटते आणि शेंगदाण्याचं कूट ब्रॅकेटच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. उपासाला भगर करा, कूट न घालता.

पुढच्या दातांनी तोडायचं नाही, हा नियम तारा निघेपर्यंतचा. सफरचंद, पेरू, वडापाव, सगळं हातानं किंवा सुरीनं बारीक करून मागच्या दाढांवर. चकली, फुटाणे, भाजलेलं कणीस, ऊस, चिक्की, सुपारी बंद. मिसळीवरचं फरसाण बंद. रस्सा आणि पाव घ्या, तोही तोंड बरं झाल्यावर. आमच्या भागात जेवणानंतर गुळाचा खडा तोंडात टाकायची सवय असते. खडा कडकही आणि चिकटही, म्हणजे दोन्हींकडून वाईट. दुधात विरघळवून प्या.

हळदीचं आधी कुणी सांगत नाही. ब्रॅकेटवर तार धरून ठेवायला ज्या बारीक रबरी रिंगा असतात, त्या पांढऱ्या किंवा पारदर्शक घेतल्या तर आमटी-भाजीच्या दोन-चार जेवणांत पिवळ्याधमक होतात. फिक्या निळ्या हिरवट होतात. ब्रशनं निघत नाही. पुढच्या तारखेला रिंगा बदलतात तेव्हाच जातं. दात पिवळे झाले असं वाटून माझी मुलगी आरशासमोर घासत बसली होती. दात जसे होते तसेच होते. करडा किंवा गडद रंग निवडा, भांडण मिटतं.

काही जणांच्या दाढांवर निळसर सिमेंटचा उंचवटा बसवतात, वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटू नयेत म्हणून. मग तोंड मिटलं तरी दात एकमेकांना भिडत नाहीत, आणि घास दळलाच जात नाही. ज्यांना "महिना झाला तरी जेवता येत नाही" असं होतं, त्यांचं कारण बहुधा हेच. तिथं दुखणं नसतं, फक्त गैरसोय असते. जेवण बारीक करून घ्या, वेळ जास्त द्या. दोन्ही बाजूंना सारखं लागत नसेल तर डॉक्टर उंची घासून देतात.

गाल, ओठ, जीभ

दातांचं दुखणं उतरायला लागतं त्याच सुमाराला हे वाढतं. नवी कोल्हापुरी चप्पल पायाला लागते, पण चार दिवसांनी चामडं सैल पडतं. इथं तार सैल पडत नाही, गालालाच निबर व्हावं लागतं. त्याला दोन-तीन आठवडे जातात.

तोवर मेण. दवाखान्यातून डबी देतात, संपली तर औषधाच्या दुकानात ऑर्थोडॉन्टिक वॅक्स म्हणून मिळतं. देवघरातली मेणबत्ती यासाठी नाही. मेण चिकटत नाही अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी बहुधा ओल्या ब्रॅकेटवर लावलेलं असतं. आधी ब्रश करा, हात धुवा. ओठ बोटानं बाजूला ओढून ते ब्रॅकेट टिश्यूनं किंवा कापसाच्या बोळ्यानं कोरडं करा. हरभऱ्याएवढं मेण बोटांत मळून गोळी करा, ऊब लागून मऊ झालं की ब्रॅकेटवर दाबा आणि कडा बोटानं चेपा. तारेखालीही थोडं जाऊ द्या, तेच त्याला धरून ठेवतं. जेवायच्या आणि गरम चहाच्या आधी काढा, नंतर नवीन लावा. चुकून पोटात गेलं तर काही होत नाही. जिथं सोललंय तिथंच लावा. सगळ्या दातांवर थापलं तर गाल निबर व्हायला आणखी वेळ घेतो.

रात्री कुशीवर झोपलं की उशीनं गाल ब्रॅकेटवर दाबला जातो आणि सकाळी त्या बाजूला खळी पडलेली दिसते. काही दिवस उताणं झोपा, किंवा झोपताना त्या बाजूला ताजं मेण लावा. मला दिवसभर फोनवर डब्यांच्या ऑर्डरी घ्याव्या लागतात, त्यामुळं माझा खालचा ओठ आतून आधी सोलला होता; बोलण्याचं काम असणाऱ्यांनी, शिक्षकांनी, वकिलांनी, ओठाच्या बाजूला दुपारी पुन्हा मेण लावायचं धरूनच चालावं. च, ज, स थोडे दिवस बोबडे येतात आणि लाळ जास्त सुटते. दोन्ही आपोआप थांबतं.

मिठाच्या पाण्यासाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ. अर्धा मिनिट तोंडात घोळवून थुंकायचं, दिवसातून तीन-चारदा, जेवणानंतर तर नक्कीच. जास्त मीठ घातल्यानं लवकर बरं होत नाही, नुसती आग होते. तोंड आल्यावर जाईची पानं चघळायचा जुना उपाय आहे. तारांमध्ये त्या पानांचा चोथा अडकतो आणि तो काढता काढता आणखी सोलतं, म्हणून तारा असेपर्यंत नको. तोंडाला लावायच्या जेलचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण त्यातल्या काहींत सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या जातीचं द्रव्य) असतं आणि ते मुलांना न विचारता लावू नये. काहींना फार फेस येणाऱ्या टूथपेस्टनं तोंड जास्त येतं. कमी फेसाची घेऊन बघा.

तारेचं टोक बाहेर आलं तर पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरानं, तो आधी धुवून, हळूच दाताकडं वळवा. वळलं नाही तर मेणाचा मोठा गोळा लावा आणि सकाळी दवाखान्यात जा. पक्कडीनं कापायचे प्रयोग नकोत. तुटलेला तुकडा घशात जाण्याची भीती खरी आहे.

ब्रश चुकवू नका

दुखतंय म्हणून दोन दिवस ब्रश टाळला की हिरड्या सुजतात, आणि मग तिसरंच दुखणं सुरू होतं. अगदी मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून घ्या. ब्रॅकेटच्या वरून खाली तिरका, मग खालून वर, मग चावायचा भाग. तारेखालून जायला बारीक बाटलीब्रशासारखा ब्रश मिळतो, तो घ्याच. भाताचं शीत आणि कोथिंबिरीचं पान दुसऱ्या कशानं निघत नाही. ब्रॅकेटभोवती अन्न साचत राहिलं तर दातांवर खडूसारखे पांढरे डाग पडतात आणि ते तारा काढल्यावर दिसतात.

फोन कधी करायचा

आठवडा झाला तरी एकच दात ठणकतोय आणि झोप मोडतेय, चेहरा किंवा हिरडी सुजली, ताप आला, पू दिसला, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, ओठांना खाज सुटून सूज किंवा पुरळ आलं (निकेलची ॲलर्जी क्वचित असते), तर थांबू नका. तारेचा तुकडा किंवा ब्रॅकेट गिळल्यावर खोकला थांबत नसेल, श्वासाला अडचण होत असेल, तर दातांचा दवाखाना सोडा, थेट मोठ्या रुग्णालयात. नुसतं ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर घाई नाही, मेण लावून तारीख मागून घ्या.

दर चार ते सहा आठवड्यांनी, काहींना त्याहून उशिरा, तार बदलतात किंवा आवळतात. तेव्हा पुन्हा एक-दोन दिवस दात आंबतात, पहिल्यासारखे नाही. पुढं वर-खाली लावायची रबरं देतात, ती सांगितली तितके तास घालाच. एक दिवस घातली, दोन दिवस काढली असं केलं की दर वेळी दुखणं पहिल्यापासून सुरू होतं.

पुढची तारीख घेताना कॅलेंडर बघा. परीक्षेच्या आदल्या दिवशीची नको, घरच्या लग्नाच्या आठवड्यातली नको. दिवाळी तोंडावर असेल तर फराळाच्या निदान चार दिवस आधीची मागा. करंजी तुकडे करून, शंकरपाळी चहात बुडवून, बेसनाचा लाडू हातानं फोडून खाता येतो. अनारसा मऊ जमला असेल तर तोही. चकली आणि कडक बुंदीचा लाडू मात्र डब्यात घालून पाहुण्यांना द्या.